यकृताचे स्वयंप्रतिकार आजार आणि बायोप्सीचे स्टेन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी रिपोर्ट घेताना आणि नंतर फोनवरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतील यकृताच्या बायोप्सीसंबंधीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक वेळा रुग्णांचे मुलगे-मुली असतात, तर कधी शहापूर-मुरबाडकडचे एखादे डॉक्टर असतात. त्यामुळे काही उत्तरे सोपी आहेत आणि काही थोडी खोलात गेलेली आहेत. औषधाचा निर्णय अर्थातच ज्यांनी रुग्णाला तपासले आहे त्यांचाच राहील.

यकृताचे स्वयंप्रतिकार आजार म्हणजे नेमके कोणते?

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली की हे आजार होतात, आणि ती यकृतातील कोणावर उलटली यावरून त्यांची नावे ठरतात. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये मारा यकृतपेशींवर असतो. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी, या आजारात यकृताच्या आतील, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होत जातात. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पीएससी, या आजारात मुख्यतः मोठ्या पित्तनलिका जागोजागी आवळल्या जातात. आयजीजी४शी (आयजीजी या अँटिबॉडी-वर्गाच्या एका उपप्रकाराशी) संबंधित कोलँजायटिस हा यांच्यात अलीकडे येऊन बसलेला चौथा आजार असून तो पीएससीसारखा दिसतो, पण स्टेरॉइडने बहुधा झपाट्याने सुधारतो.

जुन्या फाइलींमध्ये पीबीसीचे नाव ‘प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस’ असे आढळते. पुष्कळ रुग्णांना सिरॉसिस, म्हणजे यकृत तंतूंनी भरून गाठाळ होणे, झालेलाच नसतो म्हणून ते नाव २०१५ साली बदलण्यात आले. तरीही जुना कागद वाचून आजही कोणीतरी घाबऱ्या आवाजात फोन करतेच.

उपचार शेवटी यकृताचाच करायचा, तर मग या नावांत एवढा फरक का करायचा?

कारण एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये प्रेडनिसोलोन आणि बहुधा त्याच्या जोडीला अझाथायोप्रिन द्यावे लागते, आणि ते वेळेवर मिळाले नाही तर यकृत काही महिन्यांत निकामी होऊ शकते. पीबीसीमध्ये दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिले जाते. या आजारात हाडे आधीच ठिसूळ होत असतात, त्यामुळे चुकीच्या निदानावर वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिले गेले तर यकृताला फारसा लाभ न होता मणके मात्र खचतात. पीएससीची वाटचाल निश्चितपणे थांबवील असे औषध अद्याप नाही, मात्र त्यात आतड्याची आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाची नजर ठेवून तपासणी करत राहावी लागते.

रक्ताच्या इतक्या तपासण्या झाल्यावर पुन्हा बायोप्सी कशासाठी?

हे आजारावर अवलंबून आहे. पीबीसीसाठी ती बहुतेक वेळा लागत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबले की रक्तात वाढणारे एंझाइम) दीर्घकाळ वाढलेले असणे, अँटिमायटोकाँड्रिअल अँटिबॉडी (पेशींतील मायटोकाँड्रिया या घटकाविरुद्धची) १:४० किंवा त्याहून अधिक पातळीवर सापडणे आणि बायोप्सीत पीबीसीचे बदल दिसणे या तीनांपैकी दोन गोष्टी निदानाला पुरतात, आणि पहिल्या दोन रक्तातूनच कळतात. पीएससीचे निदान पित्तनलिकांच्या एमआरआयवर, म्हणजे एमआरसीपीवर होते.

ऑटोइम्यून हिपॅटायटिसची गोष्ट निराळी आहे. त्याची खूण म्हणून दाखवता येईल अशी एकही तपासणी नाही. २००८ साली आंतरराष्ट्रीय गटाने सुटसुटीत केलेल्या गुणपद्धतीत अँटिबॉडी, आयजीजीची पातळी, बायोप्सी आणि विषाणूजन्य कावीळ नसणे या चार गोष्टींना प्रत्येकी जास्तीत जास्त २ गुण आहेत. ६ गुण मिळाले तर निदान संभाव्य आणि ७ मिळाले तर निश्चित मानतात. बायोप्सी वगळली की उरलेल्या तिन्हींत पैकीच्या पैकी मिळूनही बेरीज ६च्या पुढे जात नाही. ‘बायोप्सी टाळता येणार नाही का?’ या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर ही बेरीज देते.

तुकडा किती मोठा लागतो?

सुईने काढलेला तुकडा निदान २ सेंटिमीटर लांब असावा आणि त्यात ११ किंवा त्याहून जास्त पोर्टल ट्रॅक्ट असावेत, अशी अपेक्षा असते. पोर्टल ट्रॅक्ट म्हणजे यकृतात ठरावीक अंतरावर असलेली ती छोटी बेटे, ज्यांत पित्तनलिका, धमनी आणि शिरेची फांदी एकत्र चालतात. या आजारांची बरीचशी झटापट तिथेच होत असल्यामुळे बेटे जितकी जास्त तितका निष्कर्ष भक्कम. एवढे करूनही तो तुकडा साऱ्या यकृताचा साधारण पन्नास हजारावा भागच असतो.

तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून बायोप्सी चक्क सलाइनमध्ये आली होती. शनिवारी दुपारी काढलेला तुकडा सोमवारी सकाळी आमच्या टेबलावर पोहोचला, तेव्हा तो बाटलीच्या तळाशी ओल्या टिपकागदासारखा पडलेला होता. चिमटा लावताच त्याचे तीन तुकडे झाले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या नुसत्या सावल्या उरल्या होत्या. त्या बाईंना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तेव्हापासून ‘बाटलीत काय भरले आहे?’ हा प्रश्न आमचे तंत्रज्ञ फोनवरच विचारतात.

‘रंगवणे’ म्हणजे नेमके काय करतात, आणि ते का लागते?

यकृताच्या तुकड्याचा ३ ते ४ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंधराव्या-विसाव्या भागाइतका पातळ काप काचेवर घेतला की तो जवळजवळ रंगहीन असतो आणि त्यात काहीही ओळखू येत नाही. रंग हे त्यातील निरनिराळ्या घटकांना चिकटतात आणि त्यांना उठाव देतात. या रंगवण्यालाच स्टेन म्हणतात. सगळ्यांत आधी केला जाणारा स्टेन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांचा. त्यातील हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून मिळते. ते पेशींची केंद्रके निळी-जांभळी करते, तर इओसिन उरलेला भाग गुलाबी करते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘तुमचा तो खास स्टेन केला की आजाराचे नाव कळेल ना?’ असे विचारले जाते, पण असा कोणताही स्टेन नाही. एक स्टेन एवढेच सांगतो की येथे तांबे साचले आहे की नाही. दुसरा एवढेच सांगतो की ही पेशी पित्तनलिकेची आहे की नाही. अशी पाच-सहा लहान उत्तरे मांडून त्यांतून आजाराचे नाव काढावे लागते, आणि ती मांडणी रुग्णाचे वय, त्याने घेतलेली औषधे आणि रक्ताचे रिपोर्ट माहीत असल्याशिवाय करता येत नाही.

पहिल्या, साध्या स्टेनवर ऑटोइम्यून हिपॅटायटिस कसा दिसतो?

पोर्टल ट्रॅक्टच्या बेटात लिंफोसाइट आणि प्लाझ्मा पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी झालेली असते (प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात), आणि ही गर्दी बेटाचा काठ ओलांडून शेजारच्या यकृतपेशींत घुसलेली असते. बेटाची किनार सरळ न राहता कुरतडलेली दिसते. याला इंटरफेस हिपॅटायटिस म्हणतात. प्लाझ्मा पेशी ओळखायला सोप्या असतात, कारण त्यांचे केंद्रक एका बाजूला सरकलेले असते आणि त्यातील ठिपके घड्याळाच्या तबकडीवरील आकड्यांसारखे मांडलेले असतात. त्यांचे घोळके दिसले की संशय बळावतो, पण त्या विरळ असल्या म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही.

पाठ्यपुस्तकांत यकृतपेशींच्या गुलाबाकार रचना आणि एका पेशीने दुसरी पेशी पोटात घेतलेली असणे यांना पूर्वी फार मान होता, इतका की २००८च्या गुणपद्धतीत ‘वैशिष्ट्यपूर्ण’ ठरण्यासाठी त्या आवश्यक होत्या. या दोन्ही गोष्टी दुसऱ्या कारणाने झालेल्या जोरदार हिपॅटायटिसमध्येही दिसतात, असे नंतर लक्षात आले, आणि २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय पॅथॉलॉजिस्ट गटाने त्यांचे महत्त्व कमी केले. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवे होते. गुलाब शोधण्याच्या नादात आपण काठाकडे नीट पाहत नव्हतो.

आजार अचानक, जोरात आला असेल तर नुकसान पोर्टल बेटाऐवजी मध्यवर्ती शिरेभोवती अधिक दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

आणि पीबीसी?

त्यात नजर पित्तनलिकेवर जाते. नलिकेच्या भिंतीत लिंफोसाइट शिरलेले असतात, भिंतीच्या पेशी फुगलेल्या किंवा फाटलेल्या असतात, आणि शेजारी ग्रॅन्युलोमा, म्हणजे विशिष्ट पेशींची छोटी गाठ असते. हे चित्र एकदा सापडले की मन जवळपास निश्चिंत होते. अडचण एवढीच की ते ठिकठिकाणी विखुरलेले असते, आणि सुई नेमकी दोन ठिकाणांच्या मधून गेली तर तुकड्यात फक्त सामान्य सूज दिसते. क्षयरोग आपल्याकडे सर्रास आढळत असल्यामुळे ग्रॅन्युलोमा दिसला की क्षयाचाही विचार करावा लागतो. तेव्हा तो नलिकेला चिकटून आहे की यकृतात कुठेही पडलेला आहे, हे पाहायचे.

रिपोर्टमध्ये ‘सीके ७’ असे लिहिले आहे. ते काय सांगते?

साध्या स्टेननंतर दोन आजारांत अडकायला झाले, तर मी सर्वप्रथम हाच मागवतो. सायटोकेराटिन ७ हे प्रथिन निरोगी यकृतात पित्तनलिकांच्या पेशींत असते आणि यकृतपेशींत जवळपास नसते. अँटिबॉडीच्या साहाय्याने ते तपकिरी रंगात दाखवले जाते. याच्या काचेवर दोन गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली मोजणीची. प्रत्येक पोर्टल बेटात एक तरी नलिका तपकिरी दिसायला हवी. अर्ध्याहून अधिक बेटांत नलिकाच नसेल तर पित्तनलिका लोप पावल्या आहेत असे म्हणता येते, मात्र त्यासाठी मोजायला निदान दहा बेटे हवीत. चार बेटांच्या तुकड्यावर नलिकालोपाचे विधान करणे धाडसाचे आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पित्ताचा निचरा दीर्घकाळ तुंबला की बेटाच्या काठावरील यकृतपेशी स्वतःच पित्तनलिकेच्या वळणावर जाऊ लागतात आणि त्यांच्यातही सीके ७ उमटते. साध्या स्टेनवर ज्या पेशी अगदी निमूट गुलाबी दिसत होत्या, त्याच या काचेवर काठाकाठाने फिकट तपकिरी झालेल्या दिसतात. असे चित्र पीबीसी किंवा पीएससीकडे झुकते. निव्वळ ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये, निदान सुरुवातीच्या काळात, काठावरच्या यकृतपेशी बहुधा कोऱ्या राहतात.

पण हा नियम आंधळेपणाने लावला तर फसवतो. हिपॅटायटिस फार तीव्र असेल आणि यकृताचा मोठा भाग मरून नव्याने घडत असेल, तर त्या नवजात पेशींतही सीके ७ दिसते. तेव्हा तपकिरी रंग कुठे आहे आणि यकृताची एकंदर घडी शाबूत आहे का, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहून मगच ‘पित्तमार्गाचा आजार’ असे लिहावे.

तांब्याचा स्टेन माझ्या आईला का केला? तिला विल्सनचा आजार नाही.

तांबे फक्त विल्सनच्या आजारात, म्हणजे ते शरीरात साचण्याच्या आनुवंशिक आजारातच साचते असे नाही. तांबे शरीराबाहेर जाण्याची मुख्य वाट पित्त हीच आहे. ती वाट अनेक महिने तुंबली की तांबे बेटाच्या काठावरील यकृतपेशींत साचते. ऱ्होडानिन स्टेन या तांब्यालाच तांबूस-लालसर रंग देतो, तर ऑर्सिन स्टेन तांब्याशी बांधल्या गेलेल्या प्रथिनाचे काळपट तपकिरी कण दाखवतो. सिरॉसिस झालेला नसताना काठावर असे कण सापडले, तर हा पित्तमार्गाचा जुना आजार आहे, या बाजूला वजन पडते. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये ते सहसा नसतात. पीबीसीची पायरी ठरवण्याच्या २०१०च्या नाकानुमा पद्धतीत ऑर्सिनच्या कणांना स्वतंत्र गुण आहेत.

माझे मत असे की आपल्याकडे ऑर्सिन जितका वापरला जावा तितका वापरला जात नाही. तो स्वस्त आहे, आणि एकाच काचेवर तीन कामे करतो. तांब्याचे प्रथिन आणि हिपॅटायटिस बीचा पृष्ठभागी अँटिजेन असलेल्या पेशी तर तो दाखवतोच, शिवाय लवचिक तंतूही दाखवतो. हे तिसरे काम सर्वांत मोलाचे. तीव्र ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये पेशी मरून यकृताचा सांगाडा कोसळतो. तो कोसळलेला पट्टा ट्रायक्रोम या तंतू दाखवणाऱ्या स्टेनवर निळा दिसतो आणि घाईत त्याला सिरॉसिस म्हटले जाते. जुन्या, खऱ्या तंतुमयतेत लवचिक तंतू तयार झालेले असतात, ताज्या कोसळण्यात ते नसतात. ऑर्सिनवर पट्टा कोराच राहिला तर तो सिरॉसिस नव्हे, आणि स्टेरॉइडने असे यकृत सावरू शकते.

जाता जाता एक सांगतो. ऑर्सिन हा रंग मुळात शैवाक, म्हणजे लायकेन, या वर्गातील वनस्पतीसदृश जिवांपासून काढला जाई. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच, जात मात्र वेगळी. हे सांगितल्यावर आमच्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या मुलीने डब्यातील दगडफुलाचा वास घेऊन पाहिला होता.

विल्सनच्या आजाराबाबत एक इशारा. तरुण रुग्णात तो हुबेहूब ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा दिसू शकतो, आणि त्यात सुरुवातीला तांबे पेशीभर विखुरलेले असल्यामुळे हे दोन्ही स्टेन कोरे येऊ शकतात. स्टेन कोरा आला म्हणून विल्सनचा आजार वगळता येत नाही. त्यासाठी सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातील तांबे वाहणारे प्रथिन), चोवीस तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्यांची तपासणी लागते.

प्लाझ्मा पेशी मोजून पीबीसी वेगळा करता येतो, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमधील प्लाझ्मा पेशी प्रामुख्याने आयजीजी बनवणाऱ्या असतात, आणि पीबीसीमध्ये आयजीएम या दुसऱ्या अँटिबॉडी-वर्गाच्या पेशींचा वरचष्मा असतो. रक्तातही पहिल्या आजारात आयजीजी वाढते आणि दुसऱ्यात आयजीएम, त्याचेच हे ऊतीतील प्रतिबिंब म्हणता येईल. दोन शेजारच्या कापांवर दोन अँटिबॉडी लावून त्याच बेटातील पेशी मोजतात आणि कोणत्या जास्त ते पाहतात.

प्रत्यक्ष काम मात्र वाटते तितके स्वच्छ होत नाही. ज्या रुग्णाच्या रक्तातच आयजीजी भरपूर आहे, त्याच्या तुकड्यात रक्तद्रवही तपकिरी होतो, आणि पेशी कोणती व पार्श्वभूमी कोणती हे कळेनासे होते. नुसत्या प्लाझ्मा पेशी शोधण्यासाठी सीडी १३८ हा इम्युनो (अँटिबॉडीने करायचा) स्टेन वापरावा, तर ते यकृतपेशींच्या कडांनाही रंगवते. त्यामुळे यकृतात मम १ हा तशाच प्रकारचा दुसरा स्टेन अधिक सोयीचा पडतो. ही तपासणी शंका असेल तेव्हाच करावी, प्रत्येक तुकड्यावर करून रुग्णाचे बिल वाढवू नये, असे मला वाटते.

ट्रायक्रोम, रेटिक्युलिन, पास-डी हे बाकीचे स्टेन कशासाठी?

हे आजाराचे नाव सांगण्यापेक्षा त्याची मजल सांगतात. मॅसन ट्रायक्रोममध्ये कोलॅजेन निळे किंवा हिरवे होते आणि तंतुमयता कुठवर गेली ते दिसते. रेटिक्युलिन चांदीच्या साहाय्याने यकृताची बारीक जाळी काळी करते, म्हणजे सांगाडा उभा आहे की कोसळला ते कळते. पास-डीमध्ये मेलेल्या पेशींचा कचरा गिळलेल्या सफाई-पेशी किरमिजी दिसतात, म्हणजे नुकसान अलीकडचे आहे. लोहासाठीचा पर्ल्स स्टेनही सोबत असतोच.

पीएससी आणि आयजीजी४चा आजार स्टेनवरून वेगळे होतात का?

पीएससीत नलिकेभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी तंतूंची वर्तुळे दिसतात, असे सगळीकडे लिहिलेले असते. सुईच्या तुकड्यात ती क्वचितच सापडतात, कारण खरा आजार मोठ्या नलिकांत असतो. एमआरसीपी नॉर्मल असूनही संशय राहिला, म्हणजे फक्त लहान नलिकांचा पीएससी असेल असे वाटले, तर मात्र बायोप्सीवरच भिस्त असते. तेव्हा सीके ७ आणि ऑर्सिन उपयोगी पडतात. पण ते पीबीसी आणि पीएससी यांच्यात भेद करत नाहीत, दोन्हींत पित्त तुंबल्याचेच सांगतात. अँटिमायटोकाँड्रिअल अँटिबॉडी आणि कोलोनोस्कोपी यांचा आधार तेथे घ्यावा लागतो. पोटाची तक्रार नसली तरी पीएससीच्या रुग्णाची कोलोनोस्कोपी करतात, कारण अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्यात व्रण पडण्याचा आजार, त्याच्यासोबत लपून असू शकतो.

आयजीजी४साठी सुईच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखालील एका क्षेत्रात आयजीजी४ बनवणाऱ्या १०पेक्षा जास्त पेशी आणि आयजीजी पेशींशी त्यांचे ४० टक्क्यांहून अधिक प्रमाण पाहतात. या आकड्यांच्या जोडीला चटईच्या विणीसारखी तंतुमयता आणि बुजलेल्या शिरा हव्यात. नुसता आकडा पीएससी आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस यांतही कधीकधी भरतो.

रिपोर्टमध्ये ‘ओव्हरलॅप’ लिहिले आहे, म्हणजे दोन आजार झाले का?

एकाच रुग्णात दोन्हींची लक्षणे ठरलेल्या मापात भरली, तर तसे म्हणतात. पीबीसी आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस यांच्या ओव्हरलॅपसाठी १९९८चे पॅरिस निकष वापरले जातात, आणि त्यांत दोन्ही आजारांच्या प्रत्येकी तीनपैकी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. युरोपीय मार्गदर्शनानुसार बायोप्सीत मध्यम ते तीव्र इंटरफेस हिपॅटायटिस असणे अनिवार्य आहे. पीबीसीमध्ये काठ थोडासा कुरतडलेला असतोच, तेवढ्यावरून ओव्हरलॅप लिहिणे योग्य नाही. हा शब्द जितक्या सहजपणे लिहिला जातो तितका लिहिला जाऊ नये.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘उंदराच्या ऊतींवर केलेली तपासणी’ असा उल्लेख आहे. ते काय असते?

हेही ऊती रंगवणेच आहे, फक्त उलट बाजूने. येथे उंदराचे यकृत, मूत्रपिंड आणि जठर यांचे काप काचेवर असतात, आणि त्यांच्यावर रुग्णाचा रक्तद्रव टाकला जातो. रक्तात अँटिबॉडी असतील तर त्या आपापल्या घटकाला चिकटतात, आणि चमकणारा रंग जोडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीमुळे अंधाऱ्या खोलीतील सूक्ष्मदर्शकाखाली तो भाग हिरवा चमकतो. १९६५ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने पीबीसीच्या रुग्णांत अँटिमायटोकाँड्रिअल अँटिबॉडी दाखवली. पीबीसीच्या ९० ते ९५ टक्के रुग्णांत ती असते.

तीन अवयव एकत्र ठेवण्यामागे कारण आहे. अँटिमायटोकाँड्रिअल अँटिबॉडी मूत्रपिंडाच्या सर्व नलिका आणि जठरातील आम्ल बनवणाऱ्या पेशी चमकवते. लहान मुलांतील ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये आढळणारी एलकेएम १ ही अँटिबॉडी मूत्रपिंडाच्या सुरुवातीच्या भागातील नलिका आणि यकृतपेशी चमकवते, जठर मात्र काळेच राहते. फक्त मूत्रपिंड पाहिले तर या दोन्हींची गल्लत होते, आणि ती झालेली मी पाहिली आहे. शेजारचे जठर पाहायला पाच सेकंद लागतात. स्नायूंविरुद्धची अँटिबॉडी जठराच्या भिंतीतील स्नायूंचे पट्टे आणि रक्तवाहिन्यांच्या कडा उजळवते.

१:४० किंवा १:८० हे आकडे रक्तद्रव किती पातळ करूनही चमक टिकली ते सांगतात. मुलांत १:२०सुद्धा महत्त्वाचे मानतात. हे आकडे ऊतींच्या कापांसाठीचे आहेत. एलायझा या दुसऱ्या रक्ततपासणीच्या किंवा पट्टीवरच्या तपासणीच्या एककांशी त्यांची तुलना करू नये.

वडील दोन वर्षे गुळवेलीचा काढा घेत होते. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हे आम्हाला आधी सांगितलेले फार बरे. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी यकृताची इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला, तर नंतर देशातील इतर शहरांतूनही अशा नोंदी आल्या. अॅलोपॅथीतील नायट्रोफ्युरँटॉइन आणि मिनोसायक्लिन हेही असे चित्र उभे करतात, म्हणजे दोष एकाच पद्धतीच्या पदरात घालण्याचे कारण नाही.

पॅथॉलॉजिस्टला येथे खरोखर हात टेकावे लागतात. इओसिनोफिल (अॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असणे, पित्ताचे थेंब दिसणे आणि तंतुमयता अजिबात नसणे हे औषधाच्या बाजूचे पुरावे आहेत, पण दोन्ही चित्रे इतकी सारखी असू शकतात की कोणताही स्टेन त्यांना वेगळे करत नाही. काळच त्यांना वेगळे करतो. औषध बंद केल्यावर आणि थोडे दिवस दिलेले स्टेरॉइड थांबवल्यावर आजार परतला नाही, तर तो औषधामुळे झालेला असण्याची शक्यता अधिक असते.

म्हणून बायोप्सीसोबतच्या फॉर्मवर गेल्या सहा महिन्यांत घेतलेले प्रत्येक औषध, चूर्ण, काढा आणि जिममधील पावडर लिहावी. आमच्याकडे येणाऱ्या अनेक फॉर्मवर त्या रकान्यात एक आडवी रेघ असते. ती रेघ मला एखादा स्टेन कमी असण्यापेक्षा अधिक अडचणीत टाकते. पावसाळ्यात तर पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई यांच्या रक्ततपासण्यांचा निकालही सोबत हवा.

बायोप्सीची तारीख मिळेपर्यंत स्टेरॉइड सुरू केले तर चालेल का?

शक्य असेल तर आधी बायोप्सी करावी. स्टेरॉइडने काठावरील गर्दी लवकर ओसरते, आणि आमच्या हाती विझलेली चूल येते. रुग्ण फारच गंभीर असेल तर उपचार थांबवता येत नाहीत, पण मग पहिला डोस केव्हा दिला ते फॉर्मवर लिहावे.

रिपोर्ट यायला किती दिवस लागतात?

साध्या आणि रासायनिक स्टेनचा रिपोर्ट बहुधा तीन-चार दिवसांत मिळतो. सीके ७सारखे इम्युनो स्टेन लागले तर आणखी दोन-तीन दिवस धरावेत.

‘सुसंगत आहे’ असे मोघम का लिहिता? स्पष्ट नाव का लिहीत नाही?

कारण एवढ्या तुकड्यावरून तेवढेच खरे असते. ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिसशी सुसंगत’ याचा अर्थ चित्र त्या आजारात बसते आणि त्याच्या विरुद्ध जाणारे काही दिसले नाही. आयजीजी, अँटिबॉडी आणि विषाणूंचे रिपोर्ट समोर ठेवले गेले की पोटविकारतज्ज्ञ त्यावरून नाव नक्की करतात. ती माहिती आमच्यापर्यंत आधी पोहोचली असेल, तर आम्हीही अधिक ठाम लिहितो.

दुसरे मत घ्यायचे आहे. काय मागायचे, आणि ते कसे न्यायचे?

सर्व स्टेनच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागावे. ब्लॉकमध्ये उरलेला तुकडा असतो आणि त्यातून नवे काप काढून नवे स्टेन करता येतात. नुसत्या स्लाइड नेल्या तर समोरच्याला काही जास्त करायचे झाले तरी हात बांधलेले राहतात. सोबत मूळ रिपोर्ट, एमआरसीपीचा रिपोर्ट आणि रक्ताचे कागद न्यावेत.

ब्लॉकचे मेण साधारण ५६ ते ६० अंश सेल्सिअसला वितळते. मे महिन्यात घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये. ऐरोलीचे एक गृहस्थ परळला नेण्यासाठी आईचा ब्लॉक घ्यायला आले, तेव्हा त्यांनी तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला होता. लोकलच्या गर्दीत तो चेपला गेला असता, म्हणून आमच्या तंत्रज्ञांनी त्यांना ‘काका, थांबा’ म्हणून परत बोलावले आणि कापूस घातलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून दिला. स्लाइडसाठीही तशीच खाचांची पेटी मागून घ्यावी, आणि ब्लॉक परत मिळाल्यावर तो फेकू नये. पाच वर्षांनी आजाराने वळण घेतले तर तोच जुना तुकडा नव्या तुकड्याशेजारी ठेवून पाहता येतो.